ओरखडा आणि तडा

परदेशी गेलेला मराठी माणूस तिथे जाऊन कोणते उद्योग करील याचा नेम नाही. कोणी गणपती बसवतो, कोणी नाटक बसवतो. प्रस्तुत लेखक नोकरी संपल्यापासून अमेरिकेतल्या ओहायो राज्यात शर्यतीच्या मोटारींच्या समोरच्या काचा घासून देतो. असे सांगितले म्हणजे देशातले नातेवाईक दोन क्षण गप्प बसतात आणि मग मुलाबाळांची चौकशी करतात. म्हणून यंदा दिवाळीच्या अंकात, नेहमीचे विषय बाजूला ठेवून, या घासकामाचीच हकीकत सांगावी म्हणतो.

शर्यत म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे कोट्यधीशांच्या मोटारी येतील. आमचे गिऱ्हाईक तसले नव्हे. इथे १९४४ साली स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ आहे आणि त्याच्या शर्यतींत सुतार, दंतवैद्य, शाळामास्तर असली साधी माणसे शनिवार-रविवारी आपापल्या पदरच्या पैशाने मोटारी पळवतात. आमच्या बाजूला लेक्सिंग्टन गावाजवळ ‘मिड-ओहायो’ नावाची धावपट्टी १९६२ पासून आहे. तिथे रविवारी जिंकलेला वीर सोमवारी सकाळी मुकाट्याने कामावर जातो.

या मोटारींच्या काही वर्गांत कारखान्याची मूळ काच ठेवावी लागते, काहींत तिच्या जागी प्लॅस्टिक चालते. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीतल्या हेर्मान श्नेल यांना आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या डॅनियल फॉक्स यांना, एकमेकांना ठाऊक नसताना, हा पदार्थ साधला. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, आणि पुढच्या चाकाने उडवलेला दगड बसला तरी तुकडे होत नाहीत. त्याआधी ॲक्रिलिक वापरीत. तेच ते ‘पर्स्पेक्स’. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या छतांच्या त्याच्या चिपा वैमानिकांच्या डोळ्यांत रुतल्या आणि डोळ्यांनी त्या निमूटपणे सोसल्या. ते पाहूनच हॅरल्ड रिडली या डॉक्टरांनी १९४९ साली लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात पर्स्पेक्सचे भिंग बसवले. म्हणजे तुमच्या आजोबांनी मोतीबिंदू काढून भिंग बसवून घेतले असेल, तर त्यांचे आणि आमच्या जुन्या मोटारींचे नाते फार लांबचे नाही!

पॉलिकार्बोनेट फुटत नाही, पण मऊ असते. नखाने नव्हे, तरी धुळीच्या कणाने त्यावर ओरखडा उठतो. आणि गंमत अशी, की माझ्याकडे येणाऱ्या दहा काचांपैकी सात-आठ शर्यतीत बिघडलेल्या नसतात. मालकाने प्रेमाने पुसून बिघडवलेल्या असतात. मोटार थांबली की हा गृहस्थ कोरडे फडके घेऊन धावतो. काचेवर बसलेली बारीक वाळू त्या फडक्याखाली गोलगोल फिरते, आणि दुपारभर काही दिसत नाही. संध्याकाळी ऊन तिरपे झाले की ते सगळे गोल एकदम पेटतात. ताशी शंभर मैलांच्या वेगात वळण कुठे सुरू होते ते चालकाला दिसेनासे होते. ऑक्टोबरात, हंगामाच्या शेवटी, सूर्य लवकर खाली उतरतो. तेव्हा माझ्या गॅरेजपुढे रांग असते.

काम असे चालते. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, मग भांड्याच्या सौम्य साबणाने हाताने धुवायचे. नंतर मालकाला विचारायचे: काचेवर कठीण लेप आहे काय? असला तर फक्त हलके पॉलिश. कारण कागदाने तो लेप एके ठिकाणी तुटला, की तिथे नकाशासारखा डाग पडतो. लेप नसलेल्या काचेवर वॉटरपेपर चालवायचा. ओरखडा खोल असेल तर ८०० नंबरापासून, नाहीतर १५०० पासून, चढत चढत ३००० पर्यंत. आणि पाणी अखंड. दर नंबराला दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेघा गेल्या की नाही ते कळते. शेवटी फोमच्या चकतीवर मलम घेऊन यंत्र अगदी मंद फिरवायचे. घाई केली तर प्लॅस्टिक तापून चिकटते आणि लोणी फासल्यासारखे दिसू लागते.

एकच ओरखडा तेवढा घासून खोल काढायचा मोह फार होतो. तो आवरावा. तिथे खळगा होतो, खळग्याचे भिंग बनते, आणि चालकाला रस्ता पाण्यात हलल्यासारखा दिसतो. म्हणून हातभर जागा सारखी घासावी लागते. माझी परीक्षा सोपी आहे: चौकटीच्या वहीचे पान पलीकडे धरून काच तिरपी करायची. रेघा वाकल्या तर काम अपुरे.

तुमच्या दारातल्या मोटारीचे पुढचे दिवे पिवळट झाले असतील, तर तेही पॉलिकार्बोनेटच. उन्हाने वरचा लेप कुजलेला असतो. हाच विधी त्यांना लागू पडतो. मात्र शेवटी ऊन अडवणारा नवा लेप दिला नाही, तर ते पुन्हा पिवळे पडायला फार दिवस लागत नाहीत.

आता तड्याविषयी. ओरखडा वरच्या कातडीचा. तडा आरपार हाडातला. सवा मीटर रुंद पॉलिकार्बोनेट ४० अंशांनी तापले तर तीन मिलिमीटरांहून अधिक वाढते. पोलादी चौकट पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. म्हणून बोल्टाची भोके ऐसपैस ठेवावीत आणि बोल्टाखाली रुंद वायसर घालून तो बेताने आवळावा. (कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी वायसरच यायचा.) हौशी माणूस भोक घट्ट पाडतो, बोल्ट करकचून आवळतो, वर तो सैल होऊ नये म्हणून आट्यांना चिकटद्रव लावतो. तो द्रव पॉलिकार्बोनेटला विषासारखा. ब्रेक धुण्याचा फवारा, ॲसिटोन, अमोनियावाला काचपुसणा हीही तीच जात. ताणाखालच्या प्लॅस्टिकला ते लागले, की भोकाभोवती केसासारख्या रेघांचे जाळे उठते आणि त्यातून तडा निघतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला पोस्टमन अशी काच घेऊन आला. नजरेसमोर ओरखडे होते, ते मी काढले. पण खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टापासून चार बोटे लांब तडा होता. हंगामाची शेवटची शर्यत आठ दिवसांवर. प्रवेशाचे पैसे भरलेले, टायर नवे घेतलेले, आणि त्याची धाकटी मुलगी प्रथमच बापाची शर्यत पाहायला येणार.

“तड्याच्या टोकाला भोक पाडा, थांबेल तो,” तो म्हणाला.

“थांबेल,” मी म्हटले, “मोटार घरी नेण्यापुरता. शर्यतीत वारा आत दाबणार, चौकट पिळणार. आणि बाकीच्या बोल्टांभोवती बघा.”

मी बॅटरीचा उजेड कडेने टाकला. सहा भोकांभोवती जाळी चमकली. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग जरा चिडूनच म्हणाला, “तपासनिसाला दिसणार नाही हे.”

“नाही दिसणार. तुम्हाला दिसले ना?”

तो काही न बोलता काच तिथेच ठेवून गेला. नव्या पत्र्याला पैसे उरले नव्हते. त्या रविवारी तो चौथ्या वळणावर स्वयंसेवक म्हणून निशाण घेऊन उभा राहिला, मुलगी कुंपणाबाहेर. मला वाटले, आता हा माझ्याकडे फिरकणार नाही. डिसेंबरात आला, नवा पत्रा घेऊन. भोके आम्ही दोघांनी मिळून पाडली, प्रत्येक बोल्टापेक्षा चांगली मोठी. जुन्या काचेचा मधला स्वच्छ भाग कापून त्याच्या मोटारीच्या मागच्या खिडक्या झाल्या. उरलेला वीतभर तुकडा माझ्या ग्राइंडरपुढे ठिणग्यांना आडोसा म्हणून लावला आहे. त्यावर पुन्हा ओरखडे पडले आहेत. तेवढे घासायचे राहून गेले आहे.