कोण जिंकलं ते आम्ही ठरवू, तुम्ही त्यांना समोरासमोर बसवा

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, नवी दिल्ली



मी कोलकात्यात राहणारी एक मराठी प्रेक्षक आहे. निवडणुकीच्या काळात दूरदर्शनने एक काम अंगावर घ्यावं, अशी मागणी करायला हे पत्र लिहीत आहे. ही मागणी मला सुचली ती या शहराने २०२४ मध्ये जे पाहिलं त्यातून, म्हणून आधी तेच सांगते.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या टीव्हीवरच्या वादासाठी कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प फिलाडेल्फियात समोरासमोर उभे राहिले तेव्हा आमच्याकडे ११ सप्टेंबरची सकाळ होती, साडेसहाचा सुमार. ज्यांना पाहायचं होतं त्यांनी इथे घरी बसून ते सगळं जसंच्या तसं पाहिलं. दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबरला, राज्याचं सचिवालय असलेल्या नबान्नच्या दाराशी ज्युनिअर डॉक्टर येऊन थांबले. आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्टला एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला होता आणि त्या दिवसापासून शहर रस्त्यावर होतं. आत मुख्यमंत्री ममता बॅनर्जी दोन तास वाट पाहत बसल्या, बाहेर डॉक्टर उभे राहिले, आणि बैठक झालीच नाही. घोडं अडलं होतं थेट प्रक्षेपणावर. डॉक्टरांना ते हवंच होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असल्याने ते देता येत नाही, असं सरकार म्हणत होतं.

१४ तारखेला हेच कालीघाटला घडलं. हाजरा रोडवरच्या आमच्या महाराष्ट्र निवासापासून ममता बॅनर्जींचं घर चालत जाण्याइतकं जवळ आहे. त्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता. डॉक्टर भिजत उभे होते. मुख्यमंत्री स्वतः दारात आल्या आणि निदान चहा तरी घ्या, असं म्हणाल्या. डॉक्टर थेट प्रक्षेपणावरून चित्रीकरणावर आले, चित्रीकरणावरून लेखी इतिवृत्तावर आले, पण तोवर उशीर झाला म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं. शेवटी १६ तारखेला बैठक झाली ती लेखी इतिवृत्तावरच, आणि डॉक्टर आपले लघुलेखक सोबत घेऊन गेले. तिथे काय बोललं गेलं ते आम्ही दोन्ही बाजूंच्या तोंडून, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात राज्याच्या वकिलांनी सुनावणीचं थेट प्रक्षेपण थांबवण्याची विनंती केली. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती मानली नाही. विषय जनहिताचा आहे, लोकांना पाहू द्या, हीच न्यायालयाची भूमिका राहिली.

मग २१ ऑक्टोबर उजाडला. मागण्या पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून डॉक्टरांनी धरलेल्या आमरण उपोषणाला १७ दिवस होत आले होते. नबान्नच्या सभागृहात बैठक बसली आणि ती या वेळी थेट दाखवली गेली. पाऊण तासाची ठरलेली बैठक दोन तासांच्या वर चालली. त्यातला एक प्रसंग मी विसरणार नाही. आर. जी. करमधल्या ४७ जणांवर सरकारला न कळवता कारवाई कशी केली, असं मुख्यमंत्र्यांनी प्राचार्यांना विचारलं. त्यावर अनिकेत महातो या तरुण डॉक्टरने मध्येच बोलून, ही कारवाई चौकशी करूनच झाली आहे, असं ठामपणे सांगितलं. आरोग्य सचिवांना हटवण्याची मागणी मुख्यमंत्र्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, कारण देऊन नाकारली. कुणी कुणाला गप्प केलं, कुणी विषय बदलला, कुणाकडे आकडे होते, कुणाचा आवाज चढला, हे आम्हाला दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस शहरात एकच चर्चा होती: जिंकलं कोण? नाक्यावरच्या चहाच्या दुकानात एक गृहस्थ म्हणत होते, ममतादीदींनी पोरांना बोलू दिलं आणि आपलं तेच केलं, म्हणजे त्याच जिंकल्या. दुसरे म्हणाले, मुख्यमंत्र्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलले, याहून मोठी जीत कोणती? उपोषण त्याच रात्री मागे घेतलं गेलं. आपण ते मृत डॉक्टरच्या आईवडिलांच्या विनंतीवरून सोडतोय, सरकारच्या शब्दावर नव्हे, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यावरूनही दोन तट पडले. मला त्या वादात मोलाचं वाटलं ते हे, की भांडणारे सगळे एकच गोष्ट पाहून भांडत होते. एरवी आम्ही आपापल्या आवडीच्या चॅनेलवर आपापल्या आवडीचे तुकडे पाहतो, पडद्यावरच्या सहा चौकटींत सहा प्रवक्ते एकाच वेळी ओरडतात, आणि त्यालाही डिबेटच म्हणतात.

विजेता जाहीर करण्याची घाई फारशी कामाची नसते, हे बाहेरच्या अनुभवावरूनही दिसतं. हॅरिस–ट्रम्प वादानंतर सीएनएनने लगेच घेतलेल्या चाचणीत ६३ टक्के प्रेक्षकांनी हॅरिस यांना कौल दिला, आणि नोव्हेंबरात निवडून आले ट्रम्प. ब्रिटनमध्ये २०१० साली पक्षनेत्यांचा पहिला वाद टीव्हीवर झाला, त्यात निक क्लेग सरस ठरले असं बहुतेकांचं मत पडलं, पण त्यांच्या पक्षाच्या जागा ६२ वरून ५७ वर आल्या. त्याच्या उलट, २७ जून २०२४ च्या वादात जो बायडन यांची अवस्था साऱ्या अमेरिकेने डोळ्यांनी पाहिली आणि महिन्याच्या आत त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. जे सहकाऱ्यांनी झाकून ठेवलं होतं ते दीड तासात उघडं पडलं. वादाचा खरा उपयोग हा आहे.

आता मूळ मुद्दा. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचारासाठी मोफत वेळ देण्याची पद्धत आपल्याकडे १९७७ पासून आहे. वेळ निवडणूक आयोग ठरवतो, क्रम चिठ्ठ्या टाकून लागतो, मजकूर आधी दाखवावा लागतो. त्याच व्यवस्थेत, प्रसार भारतीने पक्षप्रतिनिधींच्या जास्तीत जास्त दोन चर्चा किंवा वाद घ्यावेत आणि सूत्रसंचालकाच्या नावाला आयोगाची मंजुरी घ्यावी, अशीही तरतूद आहे. म्हणजे नवा कायदा करायला नको, नवा पैसा नको. पण प्रत्येक पक्ष तिथे कुणाला पाठवतो? ज्याच्या शब्दावर उद्या राज्य चालणार नाही अशा माणसाला. प्रश्न विचारायचा असतो तो मुख्यमंत्री होऊ पाहणाऱ्याला.

मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर, मूळचे सोलापूरचे न्यायमूर्ती अजित शाह आणि माजी संपादक एन. राम यांनी पंतप्रधान आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार कळवला. चर्चा काही झाली नाही. तीन मान्यवर नागरिकांचं पत्र बाजूला ठेवता येतं. आयोगाच्या संमतीने सार्वजनिक प्रसारकाने मांडलेली खुर्ची रिकामी ठेवणं इतकं सोपं नाही.

आपली पद्धत संसदीय आहे, इथे अध्यक्ष निवडायचा नसतो, हा आक्षेप मला माहीत आहे. ब्रिटनची पद्धतही संसदीयच आहे. आणि आपल्या प्रत्येक पक्षाचा प्रचार एका चेहऱ्यावर चालतो, तो चेहरा भिंतीभिंतीवर असतो. मग त्या चेहऱ्याने दोन तास उत्तरं द्यायला काय हरकत आहे? कॅमेऱ्यांसमोर उत्तरं देणं आमच्याकडे तर दोनदा झालेलं आहे. १७ जून २०१९ ला, नीलरतन सरकार रुग्णालयातल्या मारहाणीनंतर, ममता बॅनर्जींनीच याच नबान्नमध्ये डॉक्टरांशी कॅमेऱ्यांसमोर बोलणी केली होती आणि संप मिटला होता. राज्य बुडालं नाही. दोन्ही वेळा मार्ग निघाला.

१९९० च्या प्रसार भारती कायद्याने, जनहिताच्या विषयांवर मोकळी, खरी आणि निःपक्ष माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे. म्हणून माझी विनंती अशी: राज्यात विधानसभेची निवडणूक असेल तेव्हा दूरदर्शनच्या तिथल्या केंद्राने, मग ते कोलकाता असो की मुंबई, मान्यताप्राप्त पक्षांच्या नेत्यांनाच नावानिशी बोलवावं. राज्याच्या भाषेत, प्रेक्षकांविना, दोन तास. जो येणार नाही त्याचं नाव लिहिलेली खुर्ची तशीच दिसू द्यावी. कार्यक्रम संपल्यावर टाळ्या, गुण, टक्के, तज्ज्ञांचा निकाल यातलं काहीही दाखवू नये, आणि पूर्ण चित्रीकरण निवडणुकीचा प्रचार थांबेपर्यंत सर्वांना मोफत उपलब्ध ठेवावं.

येत्या निवडणुकीची अधिसूचना निघण्याआधी हा प्रस्ताव आयोगाकडे पाठवा, आणि पाठवला की आम्हाला कळवा.

आपली,
कोलकात्यातली एक मतदार