धर्मांची ओळख वर्गात व्हावी

भोपाळमधल्या कितीतरी मराठी घरांतली मुले कॅम्पियनमध्ये, सेंट जोसेफमध्ये, कार्मेल कॉन्व्हेंटमध्ये शिकली आणि आजही शिकत आहेत. तिथे प्रवेश मिळावा म्हणून पालक जिवाचे रान करतात. पण ज्यांनी या शाळा उभारल्या त्यांचा धर्म काय सांगतो, असे दहावीच्या मुलाला विचारले, तर उत्तर बहुधा नाताळच्या गाण्यांपाशी थांबते. ही उणीव आम्हाला सलते. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग ‘शाळा आणि धर्म’ या विषयाला दिला आहे.

कॅथलिक शाळांत साधारणपणे कॅथलिक मुले कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला बसतात, बाकीची मॉरल सायन्सला. ही विभागणी योग्यच आहे. संमतीवाचून कुणाही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. २०२४ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही आपल्या शाळांना बजावले, की इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका. मात्र उपासना शिकवणे वेगळे आणि धर्माविषयी शिकवणे वेगळे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) हा फरक मांडला होता. अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही शाळेत धर्मांचा अभ्यास करण्यास संविधानाची आडकाठी नाही, असा निर्वाळा दिला.

तरीही शाळा कचरतात, कारण आपल्या मध्य प्रदेशात या विषयाभोवतीचा संशय जुना आहे. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ चा, राज्याचा धर्मांतरावरचा पहिला कायदा १९६८ चा, नवा २०२१ चा. २०२३ च्या नाताळाआधी शाजापूर जिल्ह्यात मुलांना सांताक्लॉज करायचे असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, असा आदेश निघाला. संमती घ्यावीच, पण जिथे वेशभूषेचीही धास्ती, तिथे येशूच्या गिरिप्रवचनावर वर्गात कोण बोलणार? न बोलल्याने संशय मिटत नाही, उलट पोसला जातो.

आमचे म्हणणे असे, की नववी-दहावीत सगळ्या धर्मांची अभ्यास म्हणून ओळख व्हावी. ख्रिस्ती धर्म शिकवताना येशूचे जीवन यावे, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या वाटा का फुटल्या ते यावे, केरळातली संत थॉमसची परंपरा यावी. तसेच गोव्यात १५६० साली आलेले इन्क्विझिशन आणि भारतीय चर्चमध्ये शिरलेली जातही यावी. हाच मोकळेपणा हिंदू, इस्लाम, बौद्ध, जैन आणि शीख धर्मांच्या बाबतीतही हवा. शिक्षक कोणत्याही धर्माचा असो, त्याला विषय यावा आणि वर्गात कुणालाही आपल्या बाजूला वळवायचे नाही याचे भान असावे. भोपाळच्या मुलांना तर धर्म एकत्र नांदल्याचा दाखला शहरातल्या जहांगीराबादेतच सापडेल. तिथले सेंट फ्रान्सिसचे चर्च मुस्लिम बेगमांच्या राज्यात, दरबारातल्या ख्रिस्ती बूर्बाँ घराण्याच्या आधाराने उभे राहिले.

मराठी माणसाला हा अभ्यास परका नाही. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. धर्मांतराने एका घरावर काय गुजरते आणि त्यातूनही माया कशी टिकते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. विनोबांनी कुराणाबरोबर ख्रिस्तधर्माचेही सार काढले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी तर ‘सार्वजनिक सत्यधर्म’मध्ये असे कुटुंब कल्पिले, की त्यातला प्रत्येकजण धर्मग्रंथ वाचून आपापला धर्म निवडतो आणि तरी सगळी एकमेकांवर प्रेम करीत एकत्र नांदतात. वाचन आधी आणि निवड नंतर, हा त्यांचा क्रम आम्हाला मोलाचा वाटतो.

पुढच्या पालक सभेत गुणांच्या चौकशीबरोबर एवढे विचारा: आमच्या मुलांना शेजाऱ्याचा धर्म कोण आणि कसा समजावून सांगणार? शाळांना हे धैर्य पालकांच्या पाठिंब्यानेच येईल.

— संपादक