फ्लॅश गॉर्डनचे विज्ञान

मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रकथामाला १९६४ साली निघू लागली. ती मराठीतही निघे. पुढे काही वर्षे तर ती साप्ताहिक होती. लोहाऱ्यासारख्या आडगावी एखादा अंक पोहोचला, तर तो किती हातांतून फिरत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

वेताळ सर्वांचा लाडका खरा. परंतु मुलांना आकाशापलीकडे नेले ते फ्लॅश गॉर्डनने. ॲलेक्स रेमंड यांनी अमेरिकेत १९३४ साली ही चित्रकथा रेखाटली. युरी गागारीन अंतराळात गेले ते १९६१ साली! ही झेप कौतुकाचीच होय. तथापि मोंगो ग्रहावर उतरताच तलवारी, दरबार आणि दुष्ट बादशहा मिंग पुढे येतात. अग्नियान वगळले, तर ती जुन्या राजपुत्राचीच कथा उरते.

चाहत्याने हे स्पष्ट बोलावे. परक्या ग्रहावर पृथ्वीच्या माणसाला सुखाने श्वास कसा घेता येतो? निर्वात अंतराळात स्फोट झाला, तर त्याचा आवाज कोणास ऐकू येईल? अशा प्रश्नांनी गोष्टीची गोडी उणी होते, हे मत बरोबर नव्हे. ही माला १९९० साली बंद पडली. जुने अंक मात्र हौशी लोक अजून जपतात. त्यांतील कोणते चित्र विज्ञानाला धरून आहे, हे हुडकण्यात वेताळाच्या कवटीच्या अंगठीइतकीच मौज आहे.