व्याध पाहिला कुठून?

अभ्यंगस्नानाला पहाटे उठलात की क्षणभर अंगणात या आणि दक्षिणेकडे पाहा. मृगाच्या मागे लखलखतो तो व्याध. याच ताऱ्याने यंदा माझे तीन महिने खाल्ले!

त्याचे असे झाले. प्राचीन इजिप्तच्या लोकांचे वर्ष नेमके ३६५ दिवसांचे. लीप वर्षाची भानगड नाही. सुमारे सत्तर दिवस सूर्याच्या तेजात लपलेला व्याध पहाटे पुन्हा प्रथम दिसला की नाईलचा पूर जवळ आला असे ते समजत. पण हा उदय त्यांच्या पंचांगात दर चार वर्षांनी एक दिवस पुढे सरके. लाइप्झिग येथे एबर्स पपायरस आहे. ग्रंथ वैद्यकाचा, पण त्याच्या पाठीवर पहिल्या आमेनहोतेप राजाच्या नवव्या वर्षी व्याध कोणत्या दिवशी उगवला याची नोंद आहे. म्हणजे सन काढणे हा नुसता हिशेब! संपातचलन, पृथ्वीचे मंदावत जाणारे फिरणे, सारे जमेस धरून माझ्या टेबलावरचा संगणक तो चुटकीसरशी करतो.

मी ऐटीत मेम्फिस हे गाव भरले. इ. स. पू. १५३७ जुळले. (संगणकाच्या हिशेबात शून्य हेही एक साल असते, म्हणून १५३७ साठी उणे १५३६ भरावे लागते. हे कळेपर्यंत आठवडाभर मी शेजारच्याच वर्षात नांदत होतो!)

नात मागे उभी होती. म्हणाली, "आजोबा, पण बघणारा माणूस मेम्फिसलाच होता कशावरून?"

मी गप्प. पपायरसात तसे लिहिलेले नाही. मग दक्षिणेला थीब्जला सरकलो. तिथे व्याध चार-पाच दिवस आधीच दिसतो. दिवसाला चार वर्षे या भावाने राजा वीसेक वर्षे अलीकडे आला! शिवाय क्षितिजावर धूळ किती, पाहणाऱ्याची नजर कशी, तेही मीच अंदाजाने भरायचे.

२०१० साली किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीवरून इजिप्तच्या नव्या साम्राज्याचा आरंभ इ. स. पू. १५७० ते १५४४ च्या दरम्यान ठरवण्यात आला. आमेनहोतेप त्यातला दुसरा राजा. पण त्यावरूनही मेम्फिस की थीब्ज हे पक्के ठरत नाही. शिवाय ती नोंद प्रत्यक्ष पाहून केलेली आहे, हेच काही विद्वानांना मान्य नाही.

वहीतले १५३७ खोडून मी '१५३७ किंवा १५१७' असे लिहिले. नातीने पुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले. ते मी पुसलेले नाही.