दिरहमचा पगार, भावाचे खाते

रमजान संपत आला की आखातातून कोकणात पैसा येतो. जकात, फित्रा, ईदचे कपडे, घराचा हप्ता, सारे एकाच खात्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत परदेशातून आलेल्या रकमेतला महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, केरळपेक्षाही किंचित जास्त.

दुबई-शारजाच्या शाळांत शिकवायला गेलेला मास्तर गावातले जुने बचत खाते बहुधा तसेच चालवतो. कायद्याने ते एनआरओ करून घ्यावे लागते. त्याच्या व्याजावर ३० टक्के दराने कर कापला जातो, अधिभार वेगळा. एनआरई खात्याचे व्याज इथे करमुक्त, शिवाय पैसा परत नेता येतो. तरी भावाच्या खात्यावर पाठवणे सोपे वाटते. (भाऊ प्रामाणिकच असतो, वाटणी होईपर्यंत!) मग घर कुणाच्या पैशाचे, यावर कोर्टाच्या तारखा सुरू होतात.

जकातीचा पेच निराळा. ती शिलकीच्या अडीच टक्के, पण व्याजातून देता येत नाही. व्याज बरेच जण सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकतात. भावाचा पगार, मास्तरचा दिरहम आणि व्याज एकाच पासबुकात मिसळले, तर अडीच टक्के कशाचे काढणार?