कढीपत्त्याची कुंडी

श्रावणातील एका सकाळी शाळेला निघालेली आठ वर्षांची मुलगी गॅलरीतल्या कढीपत्त्यापाशी थबकते. पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखे काहीतरी दिसते, आणि ते हलते. आई फवाऱ्याच्या बाटलीकडे वळते. आजी तिला थांबवतात, "अगं, जीव आहे तो." दुकानाच्या किल्ल्या हातात घेतलेले वडील म्हणतात, "मग कुंडी ठेवायचीच कशाला?" मुलांसाठी बाग करू पाहणाऱ्या बहुतेक जैन घरांत हा संवाद कधी ना कधी होतोच.

वडिलांचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात निष्प्रयोजन माती उकरणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे यांची गणना प्रमादचर्येत, म्हणजे अनर्थदंडात केली आहे. पृथ्वीकाय, अप्काय आणि वनस्पतिकाय हे तिन्ही बागेत एकत्र नांदतात. त्यामुळे केवळ मुलांचा वेळ जावा म्हणून मांडलेला मातीचा खेळ श्रावकाच्या घराला शोभणारा नव्हे. परंतु गृहस्थाचे व्रत अणुव्रत आहे. स्वयंपाकघराला लागणारे चार पानांचे झाड दारी लावणे आणि ते यतनेने सांभाळणे यात प्रयोजन आहे. म्हणून कुंड्या मोजक्याच असाव्यात: कढीपत्ता, लिंबू, मिरची, थोडी कोथिंबीर. मुलांची गंमत उकरण्यात नसून पाहण्यात आहे, आणि पाहण्यासारखे तेथे पुष्कळ असते.

पाठशाळेत इंद्रियांचे भेद मुले घोकून म्हणतात. बागेत तेच भेद चालताना, उडताना दिसतात. मातीतले गांडूळ द्वींद्रिय, कुंडीच्या कडेवरची मुंगी त्रींद्रिय, फुलावरची मधमाशी चतुरिंद्रिय, कठड्यावरची चिमणी पंचेंद्रिय, आणि ज्याच्या भोवती हे सारे चालते ते झाड एकेंद्रिय. पावसात कुंडीबाहेर आलेले गांडूळ पायाखाली येऊ नये म्हणून पानाच्या आधाराने अलगद मातीत सोडणाऱ्या मुलाला हा धडा पुन्हा घोकावा लागत नाही.

कढीपत्त्यावरचा तो पाहुणा बहुधा लिंबू-फुलपाखराचा सुरवंट असतो. लिंबावर आणि कढीपत्त्यावर तो हमखास येतो. लहानपणी त्याचा रंग विष्ठेसारखा असल्याने पक्षी फसतात. कात टाकत टाकत तो पुढे हिरवागार होतो. त्याला कोणी डिवचले तर डोक्यामागून नारिंगी-तांबडे दुभंगलेले शिंग बाहेर येते व उग्र वास सुटतो. अर्थात हे पाहण्यासाठी त्याला डिवचू नये. मुंगी किंवा माशी जवळ आली की ते आपोआप दिसते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभराचा. एवढ्या काळात तो झाडाची बरीच पाने फस्त करतो, हे खरे. यावर उपाय सोपा आहे. दोन कुंड्या ठेवाव्यात. एकीवर मच्छरदाणीच्या जुन्या कापडाचे आवरण घालावे, म्हणजे फुलपाखरू तेथे अंडी घालणार नाही आणि मारण्याची वेळच येणार नाही. दुसरी उघडी ठेवावी. आवरण घालण्यापूर्वी पानांच्या दोन्ही बाजू नीट पाहाव्यात. मोहरीहून लहान, पिवळसर अंडे असलेले पान उघड्या कुंडीसाठी सोडावे.

कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नये. डासांची उत्पत्ती झाल्यावर हळहळण्यापेक्षा ताटली रोज कोरडी पुसणे बरे, आणि हे काम पाच वर्षांच्या मुलालाही जमते. पाणी गाळलेले आणि बेताचे घालावे, तेही सूर्यास्तापूर्वी.

अनेक मंदिरांत जांभळाच्या झाडाचे चित्र असते. भुकेलेले सहा जण: पहिल्याला झाड मुळासकट हवे, दुसऱ्याला फांद्या, पुढच्यांना डहाळ्या, घोस, फळे, सहावा मात्र खाली पडलेली जांभळे वेचून तृप्त होतो. लेश्यांचे हे चित्र मुलांना तोंडपाठ असते, पण त्याची खरी कसोटी कोथिंबिरीच्या कुंडीत लागते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांनी धणे कार्तिकी पौर्णिमेनंतर पेरावेत. धणा हलकेच रगडून दोन भाग करावेत; अंकुर दिसायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढे थांबणे मुलांना जड जाते. जुडी हाती आली की बाजारासारखी मुळासकट उपटायची, की बाहेरची पाने कात्रीने घेऊन गड्डा राहू द्यायचा? उपटले तर कुंडी रिकामी. कापले तर पुन्हा फुटवा. गाजर आपल्या कुंडीत का नाही, हा प्रश्न मुले त्याच वेळी विचारतात, आणि उपटलेले रोप हाती असताना कंदमुळांविषयीचे उत्तर समजावणे सोपे जाते.

व्यापारी घरातल्या मुलांना नोंदीची हौस असतेच. जुन्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च अशी बागेची रोजकीर्द ठेवता येते: किती तांबे पाणी घातले, किती पाने खुडली, कोणता पाहुणा आला. पहिल्या आठवड्यात घरातल्या मोठ्यांना खर्चाची बाजू पाहून आश्चर्य वाटते. फोडणीला म्हणून तोडलेली निम्मी पाने सुकून वाया गेलेली असतात.

त्या आठ वर्षांच्या मुलीच्या वहीत भाद्रपदात एक नोंद अडून राहिली. उघड्या कुंडीतला कोश सकाळी फुटला, फुलपाखरू पंख वाळवून शेजारच्या गच्चीकडे गेले. ते कोणत्या बाजूला लिहायचे, असे तिने रात्री वडिलांना विचारले. वडिलांनी वही हातात घेतली, उजवीकडची छत्तीस पाने मोजून पाहिली, आणि म्हणाले, "त्याचं खातं वेगळं काढ."