घराण्यातला हृदयविकार लपवू नका. संशोधनाला साथ द्या



ऐन पंचविशीतला धडधाकट मुलगा मैदानावर कोसळतो आणि घरचे म्हणतात, ‘अटॅक आला.’ दर वेळी तो अटॅकच असतो असे नाही. हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. साधारण ५०० माणसांत एकाला तो असतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरली, तर डॉक्टरांना याची शंका येते. आई किंवा वडिलांच्या जनुकात हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.

आपल्याकडे या आजारावरील संशोधनाला विशेष महत्त्व आहे. हृदयस्नायूच्या एका जनुकातील २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे, हा हृदयस्नायूच्या आजारांशी जोडलेला बदल भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, असे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील व इतर शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवून दिले. मात्र तो असलेले सगळेच आजारी पडत नाहीत. एक भाऊ जिना चढताना धापा टाकतो, दुसरा आयुष्यभर ठणठणीत राहतो. असे का होते, हे शोधायला एकाच घरातले आजारी आणि निरोगी असे दोघेही लागतात.

म्हणून कळकळीची विनंती :

१. तीन पिढ्यांची यादी करा. कोण अचानक गेले, कितव्या वर्षी, कोणाला पळताना चक्कर येई, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.

२. घरात कोणाला हा आजार असल्यास आईवडील, सख्खी भावंडे व मुले यांचा ईसीजी आणि टूडी एको करून घ्या. त्रास नसला तरीही.

३. संशोधनासाठी रक्ताचा नमुना मागितला, तर सगळे नीट समजून घ्या आणि शक्य असेल तर होकार द्या. लेखी संमतीशिवाय नमुना घेता येत नाही, नाव गुप्त ठेवणे बंधनकारक असते आणि कधीही माघार घेता येते.

‘मुलीची सोयरीक मोडेल’ या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. ही भीती मी समजू शकतो. पण वेळीच निदान झाले, तर औषधे, शस्त्रक्रिया आणि गरज पडल्यास छातीत बसवायचे, हृदयाचे घातक ठोके सावरणारे आयसीडी यंत्र यांच्या आधाराने माणूस कामधंदा, संसार करू शकतो. या आजारासाठी खास बनवलेले मॅव्हाकॅमटेन हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, ते रुग्ण चाचण्यांसाठी पुढे आले म्हणूनच. आपल्या मुलांसाठी आपणही पुढे येऊ या.

आपला नम्र,
एक हृदयरोगतज्ज्ञ